शेवटची ओळ रिकामी ठेवा

दोरीचं एक टोक माझ्या अंगठ्याखाली, दुसरं सोजरच्या. मधे फटाक्याच्या कारखान्याची नवा चुना दिलेली भिंत.

“आवं, तुमची दोरी खाली हाय. वाईच वर घ्या.”

“माझी खाली न्हाय, तुझी वर हाय.”

“मग माझीच बरूबर हाय. तुमी या वर.”

हे भांडण आमच्यात लग्नानंतर लगेच सुरू झालं आणि कधी मिटलं नाही. मी टोक वर घेतलं. मोकळ्या हातानं दोरी ताणून सोडली. फट् असा आवाज झाला आणि भिंतीवर निळीची सरळ रेघ उमटली. या रेघेवर अक्षरं बसवायची. अशा रेघा मारत आम्ही खाली खाली आलो. शेवटची रेघ गुडघ्याच्याही खाली होती. ती धरायला सोजर भुईवर बसली आणि म्हणली, “ही नंबराची ना?”

“व्हय.”

“ह्या बारीला लिवा.”

मी दोरी सोडली.

हे या उन्हाळ्यातल्या एका सकाळचं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. दुपारी ती गेली.

मी पेंटर. शाळा चौथीपर्यंत. गाव तेरखेडा, वाशी तालुका. आमच्याकडं फटाके होतात हे जिल्ह्यात सगळ्यांना ठावं आहे. दिवाळीला तुमच्या दारात जे वाजतं त्यातलं काही आमच्या बायकांच्या हातनं गेलेलं असणार. फटाक्याबद्दल सांगणारे लई आहेत. मी कारखान्याच्या भिंतीवर काय लिहिलेलं असतं ते सांगतो, कारण ते मी लिहितो.

कायदा असा आहे की जिथं माणसं कामाला आहेत तिथं पाटी पाहिजे. या शेडात किती माणसं बसायची, काडेपेटी आणि मोबाईल आत न्यायचा नाही, दोन्ही दारं मोकळी ठेवायची, लहान पोरं कामावर घ्यायची नाहीत. त्याच्या खाली कामगाराचे हक्क. आपण हाताळतो त्या मालात काय धोका आहे हे विचारायचा हक्क, काम शिकवून मागायचा हक्क, सरकारी साहेबाकडं स्वतः तक्रार करायचा हक्क. आणि सगळ्यात खाली त्या साहेबाच्या हापिसाचं नाव आणि फोन नंबर. कामगाराला कळेल अशा भाषेत आणि दिसेल अशा जागी. दिसेल अशा जागी याचा अर्थ बहुतेक मालकांनी असा लावला की साहेबाला दिसेल अशा जागी. म्हणून पाटी गेटातनं आत आल्यावर हापिसाच्या समोर, आणि बाया पार मागं शेडात.

मधे फ्लेक्स आलं. लातूरहून छापून आणायचे, खाली नंबराच्या जागी नुसती टिंबं. आमच्याकडच्या उन्हात दुसऱ्या उन्हाळ्याला फ्लेक्स असं पांढरं पडतं की साहेबाला वाटावं कोऱ्या कापडाचा पडदा लावलाय. मग मालक परत माझ्याकडं. आता कायदा बदललाय म्हणतात, जुने कायदे एकत्र करून नवा केलाय, म्हणून पाट्या पुन्हा नव्यानं. मला काय, कायदा बदलला की काम.

फटाक्याच्या कारखान्यात पेंटरचं काम वेगळं असतं. तिथं लोखंड चालत नाही. लोखंडावर लोखंड घासलं तर ठिणगी पडते, म्हणून शिडी बांबूची, पाय अनवाणी. टर्पेंटाइनचा डबा गेटच्या बाहेर, रंग बाहेरच कालवून वाटीत घेऊन यायचा. बाकीचे पेंटर भिंतीत दोन खिळे मारतात, दोरी बांधतात आणि एकटेच रेघा ओढतात. इथं खिळा ठोकायची सोय नाही. दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूसच लागतं. रोज मजुरीवर माणूस लावायचं तर मला काय उरणार, म्हणून सोजर यायला लागली. आधी तिला लाज वाटायची. नंतर ती माझ्या चुका काढायला लागली.

तिला अक्षर येत नव्हतं. पण मला अजून बोलल्याबिगर लिहिता येत नाही. ‘का’ काढताना तोंडानं ‘का’ म्हणतो, ‘म’ काढताना ‘म’. लोक हसतात, हसू द्या. असं ऐकून ऐकून सगळी पाटी सोजरला तोंडपाठ झाली होती. मी एखादी ओळ गाळली की ती खालून म्हणायची, “शिकवून मागायचं ऱ्हायलं.” बघितलं तर खरंच राहिलेलं असायचं. रंग वाळेपर्यंत ती कडुनिंबाखाली जाऊन बसायची, तिथं कागदाच्या नळ्या गुंडाळणाऱ्या बाया असतात. तिथं काय बोलायची ते मी कधी विचारलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुने भेटली. जळकोटाकडं एका तेलाच्या घाणेवाल्यानं मला पाटी पत्र्यावर लिहायला सांगितली. भिंतीवर का नको, विचारलं तर म्हणला, “पत्रा हलवता येतो.” मला वाटलं, जागा बदलायची असेल. नंतर कळलं की तो आणि त्याचे दोन भाऊबंद मिळून एकच पाटी वापरायचे. साहेबाची गाडी एकाकडनं निघाली की पाटी मोटारसायकलवर आडरस्त्यानं दुसऱ्याकडं. त्या पाटीवर ‘सुरक्षा’ लिहिताना माझ्या हातनं लाल रंगाचा एक ओघळ आला होता. दुपारी तिसऱ्या ठिकाणी साहेब त्या ओघळापुढं उभा राहिला, खिशातनं चष्मा काढला आणि म्हणला, “ह्याला आज मी तिसऱ्यांदा नमस्कार करतोय.” घाणेवाला मला बोल लावायला घरी आला. सोजरनं त्याला चहा दिला आणि म्हणली, “आमच्या ह्यांचा हात कापतो म्हणून कायदा वाचला बघा.”

दुसरी गोष्ट खंडेनवमीची. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा. शेतकरी औत पुजतो, गवंडी थापी पुजतो. फटाक्याच्या कारखान्यात बाया पाटी पुजतात. कुणी सुरू केलं ठाऊक नाही. हळद-कुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात, डोकं टेकवतात. एका वर्षी मी गेलो तर माणसांचा आकडा कुंकवाखाली गेलेला आणि हक्कांच्या ओळींवर हार. मी पुसायला लागलो तर एक म्हातारी अंगावर आली, “देवाचं कुंकू पुसतो व्हय रं.” सोजर मला बाजूला ओढून म्हणली, “पाया पडत्यात, पर काय लिवलंय ते त्यास्नी ठावं न्हाय. तुमी लिवता कुणासाठी वो?” मी म्हणलं, “मालक सांगतो म्हणून लिवतो.” तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी परत असं उत्तर दिलं नाही.

आता नंबराची ओळ. मी आजवर लिहिलेल्या पाट्यांत शेवटची ओळ बहुतेक रिकामी. ‘कार्यालयाचा फोन नंबर’ इतकं लिहायचं आणि पुढं जागा सोडायची. सगळ्या मालकांचं एकच म्हणणं, साहेब बदलतोय, नंबर बदलतोय, दर बारीला खर्च कोण करणार, शेवटची ओळ रिकामी ठेवा, पेंटर. मी ठेवत आलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सोजरला वाटलं, आणि वाटायला कारण होतं.

आमची एकुलती एक पोरगी मंगल, आम्ही त्या शेवटच्या रेघा मारल्या त्याच कारखान्यात, चार नंबरच्या शेडात बसते. नवऱ्यानं टाकल्यावर ती माघारी आली आणि या मालकानं तिला कामावर घेतलं. मालक वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. चार नंबरात भुईनळ्यांत दारू भरतात. शेडावर मीच लिहिलंय, चार माणसं, दोन्ही दारं मोकळी. लग्नसराई आली की चाराची सहा होतात, सहाची आठ. आणि या उन्हाळ्यात गोदाम भरलं म्हणून मागच्या दाराला बाहेरून खोकी लावली, पार चौकटीच्या वरपर्यंत. म्हणजे काही झालं तर आठ बायांना एक दार.

मंगल डबा घेऊन निघाली की संध्याकाळी तिची चप्पल वाजेपर्यंत आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. शेजारी कुणाचं भांडं पडलं तरी सोजर दारात. गावात माल तपासायला अधूनमधून एखादा बार उडवतात. एक वाजला आणि पुढं काही नाही, तर तपासणी. आम्ही दोघं हातातलं तसंच धरून दुसऱ्या आवाजाची वाट बघायचो. तो नाही आला की ती परत भाकरी थापायला लागायची. एवढ्यात तव्यावरची जळालेली असायची. आम्ही लई जळालेल्या भाकरी खाल्ल्या.

सोजर मालकाला बोलली. तो म्हणला, “मावशी, आठ दिवसांत हलवतो.” आठ दिवसांनी परत आठ दिवस. मंगलला म्हणलं, काम सोड. ती म्हणली, “सोडून काय करू, तुमच्या दोरीचं तिसरं टोक धरू?” पोरगी आईवर गेलीय.

नंबर मिळवला तो सोजरनं. थंडीत साहेब आला होता, आम्ही तिथं दुसरी एक भिंत लिहीत होतो. मालक साहेबाला शेड दाखवून परत आणत होता. मंगलच्या शेडात त्या दिवशी चारच बाया होत्या, साहेब यायचा म्हणलं की असंच असतं. सोजर दोरी सोडून त्याच्यापुढं गेली.

“साहेब, तुमचा नंबर सांगा की.”

“कशाला, मावशी?”

“पाटीवर जागा हाय न्हवं रिकामी.”

साहेब मालकाकडं बघून हसला. “अहो, माझी बदली झाली की नंबर बदलणार.”

“मग हापिसाची बी बदली होती का?”

साहेबाचं हसू थांबलं. भला माणूस होता. म्हणला, “नाही, हापिस तिथंच असतं,” आणि हापिसाचा नंबर सांगितला. तिनं दोनदा म्हणून घेतला, तिसऱ्यांदा स्वतः म्हणून दाखवला. तिथनं घरी येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, नुसते ओठ हलत होते. भाकरी थापताना तोच नंबर, पाणी शेंदताना तोच. मी म्हणलं, “आगं, कागदावर लिवून देतो.” ती म्हणली, “कागद तुमच्यासाठी. मला काय करायचाय.” मी काही लिहून ठेवला नाही.

“नंबर लिवला तर फोन करणार कोण?” मी एकदा विचारलं. “केला तर मालकाला पयला संशय आपला. मंगलचं काम जाईल.”

“कुणी करायचाच असं न्हाय,” ती म्हणली. “भिंतीवर दिसला की मालकाच्या ध्यानात ऱ्हातंय, की कुणीबी करू शकतंय. तेवढंच बास हाय.”

मला हे तेव्हा पटलं होतं. पण मालकानं ‘रिकामी ठेवा’ म्हणलं की माझा ब्रश आपोआप थांबायचा. इतक्या वर्षांची सवय.

त्या सकाळी उजाडताच रेघा मारल्या आणि मी लिहायला बसलो. सोजर निंबाखाली गेली. ऊन डोक्यावर यायच्या आत सगळी पाटी झाली, शेवटची ओळ तेवढी उरली. मालक आला, वरून खालपर्यंत बघितलं, “झकास, तात्या,” म्हणला. मग बोटानं खाली दाखवलं. “ती ऱ्हाऊ द्या.”

सोजर मागं येऊन उभी होती. ती मालकाला म्हणली, “जागा सोडायचीच तर रेघ कशाला मारायला लावली आमाला?”

“मावशी, नियमात जागा हाय म्हणून.”

“नियमात नंबर हाय.”

मालक हसला आणि हापिसात गेला. मी ब्रश धुतला. घरी जाताना ती पुढं, मी मागं. एरवी ती रस्ताभर बोलते. त्या दिवशी बोलली नाही. मला वाटलं, रागावली. आता वाटतं, तेव्हाच तिला बरं नव्हतं की काय.

घरी तिनं परातीत पीठ घेतलं आणि पाणी न घालता तशीच बसली. म्हणली, “छातीवर कुणी बसल्यावानी वाटतंय.” मी पाणी दिलं. ते तिनं हातात धरलं, प्याली नाही. शेजारचा धावत कारखान्यात गेला, मालक स्वतः जीप घेऊन आला, मंगलला पुढं बसवून. सोजरचं डोकं माझ्या मांडीवर. दवाखान्याच्या आधीच संपलं होतं. डॉक्टरनं नाडी बघितली आणि माझ्याकडं बघितलं.

पोटी पोरगा नाही, म्हणून आग मीच दिली. मालकानं खांदा दिला. लाकडं त्याच्याच गाडीतनं आली. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. जाताना त्यानं माझा हात धरला, “तात्या, काय लागलं तर मला सांगायचं.” मी मान हलवली. मला त्या वेळी एकच गोष्ट लागत होती, आणि ती त्याला सांगता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाव्हण्यांनी भरलेलं. चूल बंद, शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवलेली. मंगल भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मावशीनं विचारलं, “आता कामाचं काय?” मंगल म्हणली, “तेरावं झालं की जाणार. घरात बसून काय करू, आईच्या परातीकडं बघू?”

मी उठलो. खुंटीवरची पिशवी घेतली.

“दाजी, कुठं निघालाव? सुतक हाय,” मेव्हणी म्हणली.

“पाटी अर्धी ऱ्हायली.”

“पाटी काय पळून जाती का?”

पाटी पळून जात नाही. पण तेराव्यानंतर मंगल त्याच शेडात बसणार होती आणि त्या शेडाचं मागचं दार बंद होतं. हे मेव्हणीला सांगत बसलो नाही.

गेटावर महबूबचाचा असतो. माझ्याच वयाचा. तो खुर्चीवरनं उठला. “क्या पेंटर. आज कायकू आये तुम?”

“थोडं काम ऱ्हायलंय.”

तो बाजूला झाला. मी तिथंच थांबलो, हात वर केले. रोज तो खिसे तपासतो, काडेपेटीसाठी. “तपास की, चाचा. नियम हाय.” त्यानं तपासलं. त्याचा हात माझ्या खिशावर जरा जास्तच थांबला.

गेटाबाहेर रंग कालवला. चपला काढल्या. भिंतीपुढं जाऊन भुईवर मांडी घातली, जिथं आदल्या दिवशी सोजर बसली होती. निळी रेघ तशीच होती. मी ब्रश भिजवला आणि लिहायला लागलो. हापिसाचं नाव आधीच होतं, पुढचं म्हणत गेलो, ‘फो’, ‘न’, ‘नं’, ‘ब’, ‘र’. दोन टिंबं दिली. आणि थांबलो.

नंबर मला येत नव्हता. इतक्या वेळा ऐकलेला, पण मी कधी धरून ठेवला नाही, कारण तो तिच्याकडं होता. रंग ब्रशाच्या टोकाला गोळा व्हायला लागला. एवढ्या लांब आलो आणि आता ही ओळ अशीच राहणार, मंगल येणार, आत बसणार, आणि मी घरी दुसऱ्या आवाजाची वाट बघत एकटा बसणार.

“शून्य,” मागनं कुणीतरी म्हणलं.

मी वळलो. निंबाखाली बाया नळ्या गुंडाळत होत्या. शांताबाई, सोजर जिच्याजवळ बसायची ती, मान वर न करता म्हणत होती. “लिवा की तात्या. शून्य.” मी शून्य काढलं. तिनं पुढचा आकडा सांगितला. त्याच्या पुढचा तिच्या शेजारणीनं सांगितला. मग त्या सगळ्याच म्हणायला लागल्या, एका सुरात, जशी सोजर पाणी शेंदताना म्हणायची तशी. हात नळ्यांवर, तोंडात नंबर. एक आकडा मी चुकलो तर तिघी एकदम म्हणल्या, “आवं, सात.” मी पुसून सात काढला. नंबर इथं लिहीत नाही. भिंतीवर आहे.

शेवटचा आकडा झाला आणि बाया गप्प झाल्या. मालक हापिसाच्या पायरीवर उभा होता. किती वेळ होता ते मला माहीत नाही. तो जवळ आला.

“तात्या, आज कशाला आलाव?”

“ओळ ऱ्हायली व्हती.”

त्यानं वाकून वाचली. “रिकामी ठेवा म्हणलो व्हतो की.”

“म्हणला व्हता, मालक.”

काल याच माणसानं खांदा दिला होता. मला त्याच्याकडं बघवेना. मी ब्रशाकडं बघत बसलो. तो निंबाकडं बघत होता. एकही मान वर नव्हती, सगळे हात चालू होते. त्यातली कुणीही आज संध्याकाळी घरी जाऊन फोन लावू शकत होती, आणि कुणी लावला ते त्याला कधी कळलं नसतं. हे त्याच्या तोंडावर मला दिसलं.

“काय खाल्लंय का सकाळपासनं?” त्यानं विचारलं.

“न्हाय.”

त्यानं हमालाला हाक मारली. “चार नंबरच्या मागची खोकी काढ. आत्ता.” मग माझ्याकडं वळून म्हणला, “आठ दिवसांत काढणारच व्हतो.”

“व्हय, मालक.”

तो आत गेला. मला भ्याव होतं की मी उठलो की रॉकेलचं फडकं फिरेल. ओला तैलरंग एका हातात निघतो. म्हणून उठलो नाही. कुणीतरी चहा आणून ठेवला, तो गार झाला. हमाल खोकी डोक्यावर घेऊन माझ्यापुढनं जात होते. मी मधूनमधून बोट लावून बघत होतो. ती खोकी परत लागतील का, आठच्या चार बाया होतील का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही मंगल गेल्यावर मी दारात कान देऊन बसतो.

ऊन चढलं तसा रंग वाळला. पाटी पुरी झाली की ओल्या फडक्यानं निळीच्या रेघा पुसायच्या असतात, नाहीतर काम कच्चं दिसतं. मी फडकं भिजवलं आणि वरनं एकेक रेघ पुसत खाली आलो. शेवटच्या ओळीची, नंबराखालची रेघ तेवढी पुसली नाही. फडकं पिळलं, पिशवीत घातलं आणि घरी गेलो.